मुंबईचा दर, परभणीचा दर : पेट्रोलच्या किमतीचा आढावा

शहराच्या मध्यवर्ती भागातील पंपांवर पेट्रोल अवाच्या सवा दराने विकले जाते, ही तक्रार जगातील बहुतेक मोठ्या शहरांत ऐकू येते. मात्र तिची कारणे देशागणिक बदलतात. महाराष्ट्रापुरता विचार केल्यास ही कारणे पंपाच्या जागेपेक्षा करांच्या रचनेत, डेपोपासूनच्या अंतरात आणि विक्रेत्यांमध्ये स्पर्धाच नसण्यात अधिक सापडतात. तक्रार करणारा ग्राहक ज्या पंपचालकासमोर उभा असतो, त्याला लिटरमागे एक पैसाही वाढवण्याचा अधिकार नसतो आणि ज्यांना तो अधिकार आहे ते त्या पंपावर कधीच भेटत नाहीत. या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा भरकटते ती याच ठिकाणी.

जेथे पंपमालक स्वतः दर ठरवतो, अशा देशांत मध्यवर्ती पंप महाग असण्याचे अर्थशास्त्र तुलनेने सरळ आहे. जागेचे भाडे जास्त, पंपांची संख्या कमी आणि घाईत असलेला ग्राहक दुसरीकडे जाण्याच्या मनःस्थितीत नसतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या की विक्रेत्याला चढा दर लावता येतो. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये आपल्या अभ्यासाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटच्या पंपांवरील सरासरी नफा लिटरमागे सहा पेन्सने वाढल्याचे त्यात नोंदले गेले आणि प्रत्येक पंपाचा दर ग्राहकाला तत्काळ कळेल अशी खुली व्यवस्था उभारण्याची शिफारस करण्यात आली. जर्मनीत २०१३ पासून पंपांना दरातील प्रत्येक बदल काही मिनिटांच्या आत केंद्रीय यंत्रणेला कळवावा लागतो. ऑस्ट्रियाने २०११ पासून दरवाढ दिवसातून एकदाच, दुपारी बारा वाजता, करण्याचा नियम लागू केला. तर पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात २००१ पासून उद्याचा दर आज दुपारपर्यंत जाहीर करून सकाळी सहापासून चोवीस तास तोच ठेवणे बंधनकारक झाले. हे सर्व उपाय एकाच गृहीतकावर उभे आहेत : दर वेगवेगळे असतील आणि ग्राहकाला ते कळले, तर तो स्वस्त पंप निवडेल आणि महाग पंपाला उतरावे लागेल. भारतात हे गृहीतकच लागू होत नाही. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांकडे देशातील सुमारे नव्वद टक्के पंप आहेत आणि एकाच शहरात त्यांच्या दरांत जो फरक पडतो तो सहसा पैशांत मोजण्याइतकाच असतो. दादरच्या पंपावरून बोरिवलीच्या पंपावर जाऊन ग्राहकाला काहीही मिळवता येत नाही.

ही स्थिती कशी आली हे समजण्यासाठी दरनियंत्रणाचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. पेट्रोलियम पदार्थांचे दर थेट सरकारने ठरवण्याची 'प्रशासित दर' पद्धत १ एप्रिल २००२ रोजी औपचारिकरीत्या संपली, तरी प्रत्यक्षात सरकारी हात दरावरून उठला नाही. किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर नियंत्रणमुक्त झाला. पुढे १ मे २०१७ पासून पुदुच्चेरी, विशाखापट्टणम, उदयपूर, जमशेदपूर आणि चंडीगड या पाच शहरांत दर रोज बदलण्याचा प्रयोग झाला आणि १६ जून २०१७ पासून तो देशभर लागू झाला. रोज सकाळी सहा वाजता नवा दर, ही व्यवस्था कागदावर खुल्या बाजाराची आहे. व्यवहारात मात्र ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस दर जागचा हलला नाही. मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपयांनी चढला, मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर पोहोचले आणि त्यानंतर कंपन्यांच्या मूळ दरात बदल झाला तो थेट मार्च २०२४ मध्ये, दोन रुपयांच्या कपातीचा. या दोन वर्षांत कच्चे तेल कितीतरी वेळा वर-खाली झाले. दर रोज बदलण्याची मुभा असूनही तो वर्षानुवर्षे गोठलेला राहतो आणि हे गोठणे अनेकदा निवडणुकांच्या आगेमागे येते, याची दखल ग्राहकाने घेतलीच पाहिजे, कारण स्वस्त तेलाचा लाभ वेळेवर न मिळणे हीदेखील जादा किंमतच असते.

दराचा पहिला घटक म्हणजे कंपनीची मूळ किंमत. रंगराजन समितीच्या २००६ मधील अहवालानंतर या किमतीसाठी 'व्यापार समतुल्य दर' ही पद्धत स्वीकारली गेली. तयार पेट्रोल परदेशातून आणले असते तर जो खर्च आला असता त्याला ८० टक्के वजन आणि ते निर्यात केले असते तर जे मिळाले असते त्याला २० टक्के वजन, असे गणित करून जो आकडा येतो त्याला हे नाव आहे. परिणामी माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होऊन तेथून काही किलोमीटरवरच्या चेंबूर-शीवच्या पंपावर पोहोचणाऱ्या पेट्रोलच्या मूळ किमतीतही समुद्रापारच्या वाहतुकीचा हिशेब धरलेला असतो. शुद्धीकरण उद्योगाला आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडून ठेवण्याचे हे तत्त्व समजण्यासारखे आहे. परंतु कारखाना दाराशी असूनही मुंबईला त्याचा दरात फायदा का होत नाही, याचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर करांचे आहे आणि तेच अधिक जड आहे. केंद्र सरकार पेट्रोलवर उत्पादन शुल्क घेते ते लिटरमागे ठरावीक रुपयांत, किमतीच्या टक्केवारीत नव्हे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभर मागणी कोसळली आणि भारत खरेदी करतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आला. ही घसरण ग्राहकापर्यंत पोहोचली नाही, कारण त्याच मार्चमध्ये आणि मेमध्ये उत्पादन शुल्क वाढवून केंद्राने ती आपल्या तिजोरीत वळवली. पेट्रोलवरचे शुल्क तेव्हा ३३ रुपयांच्या जवळ गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते पाच रुपयांनी आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांनी कमी होऊन १९ रुपये ९० पैशांवर आले, तर एप्रिल २०२५ मध्ये त्यात पुन्हा दोन रुपयांची भर पडली, जी ग्राहकाच्या दरात दिसली नाही एवढेच. या शुल्कातील १९ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते आणि राज्यांना वित्त आयोगाच्या सूत्रानुसार वाटा मिळतो तो फक्त या मूळ शुल्कातून. रस्ते, पायाभूत सुविधा व कृषी विकासाच्या नावाने घेतलेले उपकर आणि विशेष शुल्क केंद्राकडेच राहतात. राज्ये आपला कर कमी करण्यास तयार का होत नाहीत, याचे एक मोठे कारण या वाटणीत आहे.

राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, हा मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचे शुल्क आणि विक्रेत्याचे कमिशन या सर्वांच्या बेरजेवर टक्केवारीने लागतो. करावर कर बसतो तो असा. महाराष्ट्रात या टक्केवारीच्या वर लिटरमागे ठरावीक अधिभारही आहे. २०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून दोन रुपयांचा अधिभार आला. पुढे पावसाळे चांगले गेले तरी अधिभाराची रक्कम वाढत जाऊन १० रुपये १२ पैशांपर्यंत पोहोचली आणि जुलै २०२२ मध्ये पाच रुपयांची कपात झाल्यावर ती ५ रुपये १२ पैशांवर आली. एखाद्या आपत्तीच्या नावाने घेतलेला पैसा आपत्ती सरल्यावरही घेत राहणे, हे कर आकारणीच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्याला यापलीकडे आणखी एक बोजा होता. उर्वरित राज्यात पेट्रोलवर २५ टक्के व डिझेलवर २१ टक्के व्हॅट असताना या महानगरी पट्ट्यात तो अनुक्रमे २६ आणि २४ टक्के होता. शहरातील माणसाची क्रयशक्ती जास्त, म्हणून त्याच्याकडून जास्त कर घ्यावा, हा विचार त्यामागे दिसतो; पण रिक्षा, टॅक्सी आणि शाळेच्या बसचा चालक किंवा अंबरनाथहून ठाण्याला दुचाकीवर कामाला जाणारा कामगार केवळ महानगरात राहतो म्हणून श्रीमंत होत नाही. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात वित्तमंत्री अजित पवार यांनी हा भेद संपवण्याची घोषणा केली आणि १ जुलैपासून महानगरी पट्ट्याचे दर इतरांच्या बरोबरीला आले. मुंबईतील पेट्रोल १०४ रुपये २१ पैशांवरून १०३ रुपये ४४ पैशांच्या आसपास उतरले, डिझेल सुमारे दोन रुपयांनी स्वस्त झाले. कपात थोडी होती, पण शहरी पंपावरचा एक उघड अन्याय तिने दूर केला. त्याआधी ३० जून २०१७ पर्यंत मुंबई महापालिकेची जकातही होती, जी माहूलच्या कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावरही घेतली जाई आणि कंपन्या तिचा भार अखेर ग्राहकाकडूनच वसूल करीत. वस्तू व सेवा कराबरोबर जकात गेली, मात्र पेट्रोल त्या करात आले नाही.

शहर महाग आणि गाव स्वस्त, हा समज मात्र महाराष्ट्रात टिकत नाही. राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलसाठी गेली काही वर्षे वारंवार नाव येते ते परभणीचे, जेथे दर मुंबईपेक्षा दोन-तीन रुपयांनी अधिक राहिलेला आहे. याचे कारण भूगोलात आहे. मुंबईच्या कारखान्यांतील पेट्रोल नळवाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठवण डेपोत येते आणि तेथून सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता टँकरने कापून परभणीला पोहोचते. नळवाहिनीची वाहतूक स्वस्त, टँकरची महाग. शिवाय व्हॅट वाहतूकखर्चासह बेरजेवर लागत असल्याने अंतराच्या खर्चावरही राज्य सरकार कर घेते. पुण्याला लोणीचा आणि सोलापूरला पाकणीचा डेपो जवळ आहे, म्हणून तेथील दर तुलनेने सुसह्य राहतात. मराठवाड्याच्या मधल्या जिल्ह्यांना असा जवळचा आधार नाही, आणि दरडोई उत्पन्नात मागे असलेल्या प्रदेशाने दक्षिण मुंबईपेक्षा महाग पेट्रोल घ्यावे, ही स्थिती महानगरी पट्ट्यातील वाढीव व्हॅटपेक्षाही अधिक अन्यायाची आहे. यावर उपाय नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सरकारी कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूकखर्चाची फेररचना करून डेपोपासून दूर असलेल्या भागांतील दर खाली आणले. ओडिशा आणि छत्तीसगडमधील दुर्गम ठिकाणांना त्याचा चांगला लाभ झाला. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती आणि आचारसंहिता असलेली क्षेत्रे त्या निर्णयातून वगळली गेली. वाहतुकीचा खर्च राज्यभर समान वाटून घेण्याचे तत्त्व मान्य झाले, तर मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला काही पैसे अधिक पडतील आणि परभणी-नांदेडच्या ग्राहकाचे रुपये वाचतील. सार्वजनिक मालकीच्या कंपन्यांकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

करातील फरकाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो राज्यांच्या सीमांवर. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरील व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा तेथील पेट्रोल एका फटक्यात लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले आणि बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागातील वाहने टाकी भरण्यासाठी पत्रादेवीपलीकडे जाऊ लागली. गोव्याने नंतर कर पुन्हा वाढवला, तरी फरक पूर्णपणे मिटलेला नाही. पालघर आणि नंदुरबार जिल्ह्यांत हाच अनुभव गुजरातच्या बाबतीत येतो. लांब पल्ल्याचे मालवाहू ट्रक तर कोणत्या राज्यात डिझेल भरायचे याचे गणित करूनच निघतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पंपांची विक्री घटते आणि ज्या करासाठी दर चढा ठेवला तो करही शेजारच्या राज्याला मिळतो. शहराच्या मध्यभागी अडकलेल्या ग्राहकाला मात्र अशी पळवाट नसते. दिल्लीने डिसेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरील व्हॅट ३० टक्क्यांवरून १९.४० टक्क्यांवर आणला, त्यामागे नोएडा-गुरुग्रामला जाणाऱ्या ग्राहकांचा विचार होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे : जेथे ग्राहक सीमा ओलांडू शकतो तेथे सरकार नमते.

पंपचालकाचा वाटा या सर्वांत किती? विक्रेत्याचे कमिशन पेट्रोलवर लिटरमागे चार रुपयांच्या आसपास असते. २०१७ नंतर ते बदलले नव्हते, म्हणून ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतील विक्रेत्यांनी एक दिवस कंपन्यांकडून इंधन न उचलण्याचे आंदोलन केले; वाढ मिळाली ती ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस. या कमिशनातून कामगारांचे पगार, वीज, कार्डाने होणाऱ्या व्यवहारांचा खर्च आणि उन्हाळ्यात उडून जाणाऱ्या पेट्रोलची तूट भागवावी लागते. शहरातील पंपाचा खर्च गावातील पंपापेक्षा मोठा, पण कमिशन जवळपास तेच. जुन्या मुंबईतील अनेक पंपांच्या जागा बर्मा-शेल आणि एस्सो या परदेशी कंपन्यांच्या काळातील भाडेपट्ट्यांच्या आहेत. सत्तरच्या दशकात या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा हे पट्टे जुन्याच अटींवर वाढवण्याची तरतूद त्या कायद्यांत होती आणि त्यावरून जमीनमालकांचे दावे वर्षानुवर्षे चालले. जमिनीचे भाव गगनाला भिडलेल्या शहरात पंपाची जागा सोडवून तेथे इमारत उभारण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. म्हणजे परदेशात मध्यवर्ती जागेची महागाई पेट्रोलच्या दरात उतरते, तर येथे ती पंपांची संख्या रोडावण्यात आणि रांगा वाढण्यात उतरते.

दर वाढवता येत नाही म्हणून शहरी पंपावर ग्राहकाचा खर्च वाढण्याच्या दुसऱ्या वाटा मात्र आहेत, आणि त्यांकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. पहिली वाट प्रीमियम पेट्रोलची. साध्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे सात-आठ रुपये किंवा त्याहून महाग असलेले हे पेट्रोल शहरातील पंपांवर आग्रहाने पुढे केले जाते. काही ठिकाणी साध्या पेट्रोलचे नोझल बंद असल्याचे सांगितले जाते किंवा न विचारताच प्रीमियम भरले जाते. त्याचे मोल सांगितले जाते ते बहुधा जादा ऑक्टेनच्या नावाने. ऑक्टेन म्हणजे इंजिनात दाब वाढत असताना पेट्रोलने ठिणगीआधीच पेट न घेण्याची क्षमता होय. ज्या इंजिनाची रचना उच्च ऑक्टेनसाठी झालेली नाही, त्याला जादा ऑक्टेनचा विशेष फायदा मिळत नाही. कोणते पेट्रोल पुरेसे आहे हे वाहनाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि रोजच्या वापरातील बहुतेक दुचाकी व मोटारींसाठी ते साधेच असते. काही वाहनांना मिश्रणातील स्वच्छकारी द्रव्ये उपयोगी पडत असतील, परंतु ती निवड ग्राहकाची असली पाहिजे.

दुसरी वाट मापाची. वैधमापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालील नियमांनुसार पंपाच्या यंत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंतची तफावत चालते, म्हणजे पाच लिटरमागे २५ मिलिलिटर. त्यापेक्षा कमी मिळाल्यास यंत्र बंद करता येते. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने लखनौमध्ये यंत्रांत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप पकडल्या, त्या दूरनियंत्रकाने चालू-बंद करून प्रत्येक लिटरमागे थोडे पेट्रोल चोरले जात होते. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत छापे घालून अशाच फेरफारांचा छडा लावला. लिटरमागे ५० मिलिलिटर कमी मिळाले, तर १०० रुपयांचा दर प्रत्यक्षात १०५ रुपयांच्या वर जातो; करकपातीसाठी वर्षभर झालेल्या आंदोलनाचा लाभ एका चिपने पुसला जाऊ शकतो. शंभरऐवजी एकशे दहा रुपयांचे भरावे म्हणजे चोरी टळते, हा लोकांत रुळलेला उपाय अशा चिपसमोर निरुपयोगी आहे. खरा उपाय प्रत्येक पंपावर ठेवणे बंधनकारक असलेल्या, शिक्का मारलेल्या पाच लिटरच्या मापाने समोर मोजून घेण्याचा आहे आणि ती मागणी करण्याचा हक्क कोणत्याही ग्राहकाला आहे. घनता मोजण्याचे उपकरण आणि गाळणकागदाची चाचणी याही ग्राहकाला मागता येतात. गर्दीच्या शहरी पंपावर मागे दहा दुचाकी खोळंबलेल्या असताना हा हक्क बजावणे अवघड जाते, हे खरे असले तरी तपासणीची मुख्य जबाबदारी वैधमापन विभागाची आहे आणि त्या विभागाचे मनुष्यबळ वाढवल्याविना ती पार पडणार नाही.

यात अलीकडे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची भर पडली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच २० टक्के मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के, तर दुचाकींच्या तीन ते चार टक्के घट होईल असा अंदाज दिला होता. ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्यांना या धोरणाचा आधार आहे व परकीय चलनही वाचते, म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. पण लिटरमधील ऊर्जा घटली आणि लिटरचा दर तोच राहिला, तर किलोमीटरचा खर्च वाढतो, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे होते.

पेट्रोल वस्तू व सेवा करात आणण्याची मागणी या चर्चेत हमखास होते. घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने पेट्रोलियम पदार्थ या कराच्या कक्षेत ठेवून तो लागू करण्याची तारीख ठरवण्याचे काम वस्तू व सेवा कर परिषदेवर सोपवले. सप्टेंबर २०२१ मधील लखनौच्या बैठकीत परिषदेने तूर्त ते करू नये असे ठरवले आणि राज्यांचे व्हॅटवरील अवलंबित्व पाहता नजीकच्या काळात चित्र बदलण्याची शक्यता दिसत नाही. त्यावर सगळी आशा ठेवण्यात अर्थ नाही. त्याआधी करता येण्यासारखी, आणि एक रुपयाही न सोडता करता येण्यासारखी, गोष्ट म्हणजे दराची फोड जाहीर करणे. मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचे शुल्क, कमिशन आणि राज्याचा कर असे घटक दाखवणारा तक्ता तेल कंपन्या आणि पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष नियमितपणे प्रसिद्ध करतात. पण तो दिल्लीच्या दराचा असतो. मुंबई, परभणी किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाला आपल्या लिटरमधील वाहतूक किती आणि कर किती हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रातील ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी मागणी करायची तर ही करावी : प्रत्येक पंपाच्या फलकावर दराशेजारी त्याच पंपापुरती ही फोड मराठीत लिहिलेली असावी. त्यासाठी नवे सर्वेक्षण लागणार नाही, कारण रोज सकाळी सहा वाजता लागू होणारा प्रत्येक पंपाचा दर कंपन्या याच घटकांची बेरीज करून काढतात.